आप्पांचं लॉगिन

कुठल्याही कारखान्यात शिरल्यावर हेमलता सगरे मालकाचा चेहरा नंतर बघायची, आधी प्लग बघायची. एका बोर्डावर किती प्लग, त्यातले चालू किती, नुसतेच लटकलेले किती आणि कुठल्या यंत्राला हळदकुंकू लावलंय, एवढं दिसलं की तिला त्या घरचा अर्धा कारभार कळे. तासगाव रस्त्यावरच्या मगदूम बेदाणा प्रोसेसिंगमध्ये तिनं पाऊल टाकलं, तेव्हा दारातच एका एक्स्टेन्शन बोर्डावर कॉम्प्युटर, पाण्याची मोटार आणि चहाची किटली असा तिघांचा संसार चालला होता.

"किटली लावली की कॉम्प्युटर बंद पडतो का हो?" तिनं विचारलं.

"न्हाई न्हाई," शीतल मगदूम घाईघाईनं म्हणाला. "मोटार लावली की पडतो. किटलीनं नुसता डुलतो."

शीतल हा मालक. चाळिशीचा, गोरा, पोट सुटायला लागलेला, आणि समोरच्यानं नाही म्हणायच्या आत आपणच हो म्हणून मोकळा होणारा. त्याला सर्टिफिकेट हवं होतं. पुण्याच्या ज्या बड्या निर्यातदाराला तो बेदाणा देत असे, त्यानं यंदापासून अट घातली होती: ज्याच्या कॉम्प्युटरचा कारभार तपासून, झाडून, नीटनेटका केलेला असेल, त्याचाच माल बोटीवर चढेल. दोन वर्षांपूर्वी कुणा एका बारक्या पुरवठादाराचं कुलूप नसलेलं यंत्र सापडलं आणि त्या भोकातून चोर थेट मोठ्या कंपनीच्या माजघरात पोचले, तेव्हापासून बड्यांनी बारक्यांच्या घरात डोकावायचा हक्क मिळवला होता. डोकावायला हेमलतासारखी माणसं होती. सर्टिफिकेट नाही, तर मगदुमांच्या कोल्ड स्टोरेजमधल्या बावीस हजार पेट्या स्थानिक बाजारात, म्हणजे निम्म्या भावानं.

तिनं पिशवीतून एक चपटी, पोळपाटाएवढी पेटी काढली आणि भिंतीतल्या प्लगात खोचली. कंपनीनं या यंत्राला लांबलचक इंग्रजी नाव दिलं होतं. हेमलता त्याला चाळण म्हणायची.

चाळणीचं पहिलं काम सोपं. प्रत्येक उपकरण वीज ओढतं ते आपापल्या ढंगानं. कुणी घटाघट, कुणी घोटघोट, कुणी मधूनच उचकी लागल्यासारखं. एकाच तारेवर कान ठेवला तर घरात काय काय आहे ते ओळखता येतं, जसं सासूला पावलांवरून कळतं कुठली सून आली. दीड तासात यादी आली. कॉम्प्युटर चार, पैकी एक अकरा वर्षांचा. प्रिंटर तीन, पैकी दोन मेलेले, पण लाइट चालू. शीतगृहाचे कंट्रोलर पाच. कॅमेरे नऊ, त्यातले सहा काहीच न साठवणारे. बेदाण्याच्या रिकाम्या पोत्यांखाली एक मोडेम, तो कुणी कधी बसवला ते कुणाला आठवेना, आणि तो सारी माहिती इमानदारीनं बाहेर वाटत होता.

"हा काढला तर काय बंद पडेल?" शीतलनं भीत भीत विचारलं.

"चोरांचं काम."

दुसरं काम अवघड. चाळण गेल्या बारा वर्षांच्या नोंदी वाचायला लागली: कुणी कधी कॉम्प्युटर उघडला, कुठला माल पास केला, कुठला थांबवला, कुठल्या चेंबरची हवा बदलली. दुपारी चहाच्या वेळेला चाळणीनं पडद्यावर यादी टाकली आणि हेमलताच्या भुवया वर गेल्या. अकरा माणसं कामाला, शीतल बारावा. पण नोंदींपैकी सत्त्याण्णव टक्के एकाच माणसाच्या नावावर, उरलेल्या यंत्रांनी आपोआप केलेल्या. नाव होतं बाळगोंडा मगदूम. सकाळी आठला हजर, संध्याकाळी सहापर्यंत अखंड काम. वर्षात रजा नाही, सर्दी नाही, लग्नाकार्याला जाणं नाही.

"हे बाळगोंडा कोण? त्यांना जरा बोलवा. सगळा कारभार तेच बघतात, तर त्यांची सही लागेल."

ग्रेडिंगच्या टेबलावरून हात पुसत आलेल्या आक्काताई एडक्यांनी भिंतीकडे हात केला. तिथं फोटो होता, फेटेवाला, कपाळाला आठी, ताजी शेवंती. फोटोच्या चौकटीखाली चिकटपट्टीनं लावलेल्या कागदावर पासवर्ड लिहिलेला.

"आप्पा," आक्काताई म्हणाल्या. "जाऊन नऊ वर्सं झाली."

आक्काताई सत्तावन्न वर्षांच्या. बेदाणा दाताखाली धरून त्याची साखर, ओलावा आणि शेतकऱ्यानं सांगितलेलं खोटं, हे तिन्ही एका दमात ओळखणाऱ्या. सगळे त्यांना आक्का म्हणत, शीतलसुद्धा, कारण त्याला चड्डी घालता येत नव्हती तेव्हापासून त्या इथं होत्या.

रीत अशी होती. सकाळी जो पहिला येईल त्यानं फोटोला फूल वाहायचं आणि आप्पांच्या नावानं कॉम्प्युटर उघडायचा. मग दिवसभर ज्याला लागेल त्यानं येऊन टाइप करायचं. संध्याकाळपर्यंत बंद कुणी करत नसे.

"पण प्रत्येकाला स्वतःचं नाव का नाही?" हेमलतानं विचारलं. 'एका माणसाला एक नाव' हा तिच्या धंद्यातला पहिला नियम, मुंजीतल्या मंत्रासारखा.

आक्का हसल्या. "आवं मॅडम, माज्या नावानं पेटी पास केली आन् माल खराब निगाला, तर मला बोलनार. आप्पांच्या नावानं केली, तर आप्पांना कोन बोलनार?"

हेमलतानं हे वाक्य डोक्यात जपून ठेवलं. पापभीरू माणसांनी चूक करायची मोकळीक मिळवण्याचा इतका स्वस्त तोडगा तिनं कुठल्या कंपनीत पाहिला नव्हता.

*

आता थोडं ठशाबद्दल.

माणूस निर्णय घेतो तेव्हा नुसतं हो किंवा नाही म्हणत नाही. आधी काय बघतो, कुठल्या आकड्यावर अडखळतो, किती वेळ थांबतो, किती वेळा लिहून खोडतो, याची एक चाल असते. ओलावा सोळा टक्के, रंग फिका, बाहेर ढग. यावर एकजण म्हणेल पाठवा, दुसरा म्हणेल थांबा. असे हजारो निर्णय ओळीनं मांडले की त्या माणसाची चाल उमटते, मेणावर अंगठा उमटावा तशी. त्याला म्हणतात निर्णयठसा. तो खरा की खोटा हे तपासायचं असेल तर शेवटचं वर्ष झाकून ठेवायचं, आधीच्या वर्षांवरून ठसा घ्यायचा आणि झाकलेल्या वर्षातला एकेक प्रसंग त्याच्यापुढे टाकून विचारायचं: तू काय केलं असतंस? शंभरात नव्वद उत्तरं जुळली, की तो ठसा त्या माणसाच्या खुर्चीत बसायला लायक. मग खुर्चीला माणसाची गरज उरत नाही.

कायद्यानं एक पाचर मारून ठेवली होती. ठसा घेता येतो तो एकाच माणसाच्या नावावर, त्याच्या लेखी, ठरावीक मुदतीच्या संमतीनं. माणूस मेलेला असेल तर वारसाच्या.

हेमलताला हा कायदा तोंडपाठ होता, कारण त्याखालच्या संमतीपत्रावर तिनं स्वतः सही केली होती. आठ वर्षांपूर्वी ती पुण्यातल्या तपासणी कंपनीत सगळ्यात तिखट तपासनीस होती. कंपनीनं तिचा ठसा घेतला. तिनं अभिमानानं सही केली आणि ऑफिसात पेढे वाटले. सहा महिन्यांनी कंपनीनं तिला पुष्पगुच्छ दिला आणि घरी पाठवलं. तोच ठसा आता साडेतीनशे चाळण्यांच्या पोटात बसून शिफारसी लिहीत होता. ठशाला पाय नसल्यामुळे त्याला कारखान्यापर्यंत नेऊन प्लगात खोचायला कुणीतरी लागे. ते काम हेमलताला मिळालं होतं. म्हणजे नवरा परदेशी गेल्यावर त्याच्या फोटोला डबा पोचवायला जावं, तसं काहीसं. शिफारस आली की ती खाली 'मान्य' दाबायची. 'अमान्य' असंही बटण होतं. ते दाबलं की तपासनीसाचा परवाना गोठायचा आणि चौकशी लागायची. चार वर्षांत तिचं बोट तिकडं गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिफारस आली. भाषा ओळखीची, तुटक, हातचं न राखणारी.

'बाळगोंडा मगदूम यांचा ठसा: जुळणी चौऱ्याण्णव टक्के. अपवादात्मक. ठसा तातडीनं घ्यावा. इतर अकरा: हजर, निर्णय शून्य. अकराही जागा अनावश्यक.'

चौऱ्याण्णव. हेमलताचा स्वतःचा ब्याण्णव होता. एका मेलेल्या माणसानं तिला दोन टक्क्यांनी मागं टाकलं होतं.

दहा मिनिटांत निर्यातदाराच्या कंपनीतून देवस्थळींचा फोन आला. देवस्थळी म्हणजे तुपात घोळलेला आवाज. "शीतलजी, अभिनंदन! तुमचे वडील म्हणजे रत्न होते. आमच्या चौदाही गोदामांना त्यांचा ठसा हवाय. फक्त तुमची वारस म्हणून एक सही, आणि मॅडमचं 'मान्य'. शिवाय, मॅडम, आमच्या बाकीच्या चाळीस पुरवठादारांची तपासणीही तुमच्याकडेच देतो. वर्षभर बघायला नको."

"नोंदी नऊ वर्षं त्यांच्या मृत्यूनंतरच्या आहेत," हेमलता म्हणाली.

"सिस्टिममध्ये तर ते जिवंत आहेत ना? तारीख भरलेली नाही. रकाना रिकामा आहे. आपण कशाला भरायचा? परवा अकराला बोलू."

फोन ठेवल्यावर शीतलचे डोळे भरले होते. चाळणीनं नमुन्यादाखल ठशाला काही प्रसंग घातले होते आणि ठशानं उत्तराबरोबर शेरेही लिहिले होते. शीतल ते पुन्हा पुन्हा वाचत होता.

"हे बघा मॅडम. 'रंग उतरलाय, पण गोडी आहे. घाई नको, उद्या बघू.' आणि हे, 'पोराची पहिलीच खेप आहे, समजून सांगा.' माझे आप्पा हो! नऊ वर्षांनी माझ्याशी बोलतायत."

"आणि ही अकरा माणसं?"

त्यानं मान खाली घातली. "त्यांचं काहीतरी बघू. पण मॅडम, बाप परत मिळत असेल तर कोण नको म्हणेल?"

*

हेमलताकडे एक तोडगा होता आणि तिला वाटत होतं तो भलेपणाचा आहे. प्रत्येक माणूस कीबोर्डवर कळा दाबतो त्याचाही ठेका वेगळा असतो. चाळणीला सांगितलं तर ती आप्पांच्या एका नावातून अकरा माणसं निवडून वेगळी काढू शकत होती, ग्रेडिंगच्या जाळीतून लांब, गोल आणि काळा बेदाणा वेगळा पडावा तशी. मग ज्याचं श्रेय त्याला.

जेवणाच्या सुट्टीत तिनं आक्काताई आणि मुबारक तांबोळी यांना शेडमागं गाठलं. मुबारक शीतगृह सांभाळायचा. पन्नाशीचा, बारा महिने कानटोपी घालणारा आणि चार शब्दांत काम भागत असेल तर पाचवा न खर्चणारा. जेवणं झाली होती, आक्का तंबाखू मळत होत्या.

"आक्का, मी मोजून काढलं तर निम्मे निर्णय तुमचे निघतील. शेरे तर बहुतेक तुमचेच. तुमच्या नावानं ठसा होईल. ज्याच्या नावानं ठसा, त्याला दर महिन्याला हक्काचा वाटा. घरबसल्या."

"आन् मुबारकचं?"

"त्यांचाही होईल. चेंबरचे निर्णय त्यांचे."

"आन् बाकीचे नऊ?"

जाळीतून खाली पडणाऱ्या मालाचं काय होतं हे बेदाण्याच्या कारखान्यात कुणी विचारत नाही.

मुबारकनं कानटोपी मागं सारली. मग म्हणाला, "तीन नंबर चेंबर."

"काय तीन नंबर?"

"सहा वर्सांमागं. हवेचा आकडा उलटा टाकला मी. चारशे पेट्या साखरल्या. दगडागत." त्यानं आक्कांकडे बघितलं. "मशीन वेगळं काडंल तवा हेबी निगंल न्हवं?"

"निघेल," हेमलता म्हणाली. "शीतलना माहीत नाही?"

"दादाला सांगितलं, आप्पांच्या नावानं आकडा पडला हुता," आक्का म्हणाल्या. "त्यात खोटं काय हाय? तवा कुनाचं नाव आलं असतं तर हा मानूस दुसऱ्या दिवशी घरी. आन् आज सांगली-तासगावात चेंबर वळखनारा ह्याच्यावानी दुसरा दावा मला. का? तर चारशे पेट्या ह्याच्या छातीवर हायेत म्हनून. मॅडम, तुमी चूक निवडून काडा, मग बगू अक्कल कुटनं येती ती."

"पण आक्का, एवढं तुमच्या हाताचं ज्ञान फुकट एका मेलेल्या माणसाच्या नावावर चाललंय!"

"जाऊ दे की. मेल्याला काय घर बांदायचंय?" आक्कांनी तंबाखूची चिमूट दाढेत सारली. "निवडायचं न्हाई. आमी अकरा मिळून एक आप्पा हाय. घ्याचं तर अकराला इचारून घ्या, आन् अकराबी न्हाई म्हनत्यात. मी इचारलंय."

"कधी?"

"सकाळी. तुमचा सायबाशी फोन चालला हुता तवा."

हेमलताला राग आला, आणि तो कुणाचा हे कळायला तिला हात धुवून येईपर्यंतचा वेळ लागला. पेढे वाटले त्या दिवशी तिनं कुणालाच विचारलं नव्हतं. शेजारच्या टेबलावरच्या दोघी तिच्याकडून काम शिकल्या होत्या आणि त्यांच्याकडून ती. तिच्या ब्याण्णवात त्यांचे किती टक्के होते हे कुणी मोजलं नाही. ठसा तिच्या नावावर झाला आणि महिन्याभरात त्या दोघी तिच्याही आधी घरी गेल्या. तिला वाटलं होतं, त्या जळतात म्हणून बोलत नाहीत.

*

शीतलला सांगणं भाग होतं. पण बाप परत मिळालेल्या माणसाला तो तुझा बाप नाही असं तोंडानं सांगून भागत नसतं. हेमलतानं दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला पडद्यासमोर बसवलं.

"बारा वर्षांच्या नोंदी आहेत. पैकी पहिली तीन वर्षं आप्पा हयात होते आणि कॉम्प्युटरला दुसरं कुणी हात लावत नव्हतं, बरोबर?"

"हात? कुणी जवळ फिरकत नव्हतं. बोट मोडलं असतं त्यांनी."

"मग त्या तीन वर्षांचा वेगळा कच्चा ठसा काढलाय, नुसता बघण्यापुरता. त्याच पेट्या त्यालाही दाखवल्या. वाचा."

शीतलनं वाचलं. रंग उतरलाय, गोडी आहे, त्या पेटीवर पहिल्या आप्पांचा शेरा होता: 'परत.' पोराच्या पहिल्या खेपेवर: 'परत.' पुढं अठ्ठावीस पेट्या. परत, परत, नाही, परत, 'कुणी घेतला हा माल?', परत. एका ठिकाणी सलग चार शब्द होते: 'शीतलला विचारू नका. परत.'

त्यानं त्या ओळीवर बोट ठेवलं. बाहेर ग्रेडिंगची जाळी खडखडत होती.

"मला चौतीस टक्के नापास माल आठवतो त्यांच्या वेळचा," तो हळूच म्हणाला. "शेतकरी फाटकातूनच परत जायचे. मी म्हणायचो आप्पा, जरा... ते वर बघायचेसुद्धा नाहीत." मग त्यानं दुसरा कागद उचलला. "म्हणजे 'घाई नको, उद्या बघू' हे..."

"आक्का."

"आणि 'समजून सांगा'?"

"तेही त्याच. चेंबरचे मुबारकभाई. ढगाळ हवेचे शेरे पॅकिंगवाल्यांचे, आळीपाळीनं. आक्कांनीच सांगितलं."

शीतल हसला, पण ते हसणं रडण्याच्या शेजारून आलं. "मला वाटलं माणूस मेल्यावर मऊ झाला. माझा बाप माझ्याशी असं कधी बोलला नाही हो मॅडम. एकदाही नाही. काल पहिल्यांदा बोलला, म्हणून तर मी..."

हेमलतानं त्याला पाणी दिलं. सांत्वन तिला जमत नसे. तिनं तिला जमतं ते केलं. फॉर्म उघडला.

"झाडलोटीतलं पहिलं काम. मृत माणसाचं उघडं राहिलेलं खातं तारीख घालून बंद करायचं. हा रकाना. तारीख पडली की नंतरची नऊ वर्षं त्यांची राहत नाहीत, आणि उरलेल्या तीन वर्षांवर जगातला कुठलाही तपासनीस त्यांचा ठसा मंजूर करू शकत नाही. पण वारसानं कबूल करावं लागतं. तुमच्या फोनवर सहा आकडे येतील, ते तुम्ही सांगायचे. नाही सांगितले तर मी जबरदस्ती करणार नाही. देवस्थळींचं आमिष तुम्हाला ठाऊक आहे."

शीतलनं फोटोकडे बघितलं. आप्पांच्या कपाळावरची आठी होती तशीच होती. त्यानं फोन हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला.

"नऊ वर्षं मी इथं मालक आहे," तो म्हणाला, "आणि आज पहिल्यांदा मला कुणी विचारतंय, की बाप मेला का म्हणून." मग त्यानं सहा आकडे एकेक करून, मोठ्यानं सांगितले. पाचवा सांगताना आवाज फाटला, पण सहावा नीट आला.

*

उरली संध्याकाळ हेमलतानं व्यवस्था लावण्यात घालवली. आप्पा गेले, आता अकरांना नावं देणं आलं. पण एकाला एक नाव दिलं की सहा महिन्यांत प्रत्येकाचा ठसा उमटणार, आणि देवस्थळी एकेकाला गाठून तूप लावणार. हे रोखायचं कसं, यावर तिनं डोकं खाजवलं आणि एकदम तिला स्वतःचीच आठवण झाली. अडतीस वर्षांची हेमलता सगरे, जी या चाळणीच्या पोटात बसली होती, तिला एका गोष्टीचं भारी वेड होतं: दोन माणसांनी मिळून उघडायचं कुलूप. बँकेच्या लॉकरसारखं. असं कुलूप दिसलं की ती पैकीच्या पैकी गुण द्यायची, पुढचं काही न बघता.

हेमलतानं नियम घातला. पेटी पास करायची, थांबवायची, चेंबरची हवा बदलायची, काहीही करायचं तर दोघांनी आपापल्या नावानं बटण दाबायचं. जोडी रोज बदलायची. शीतल धरून बारा माणसं, म्हणजे जोड्या सहासष्ट. दोघांचा वाद होणार तो यंत्राबाहेर, टेबलाशी, बेदाणा चावत. यंत्रात पोचणार ती नुसती तडजोड. तिच्यावर कुणा एकाचं नाव नाही, म्हणून कुणाचा ठसा नाही. आणि चूक झाली तर तीही दोघांची, म्हणजे एकट्याच्या छातीवर ओझं नको.

"भांडणाची सोय केली म्हना की," आक्का म्हणाल्या.

"भांडणाचीच."

ठरल्या दिवशी साडेदहाला तिनं चाळण पुन्हा चालवली. निकाल आला: 'मृत खातं बंद. अनोळखी मोडेम काढला. दुहेरी संमती: उत्तम. ठसा घेता येत नाही. प्रमाणपत्रास पात्र.' जुनी शिफारस मात्र तशीच खाली लोंबत होती, उत्तराची वाट बघत: अकराही जागा अनावश्यक.

हेमलतानं आधी सर्टिफिकेटवर सही केली. ते निर्यातदाराकडे पोचल्याची पावती येईपर्यंत हाताची घडी घालून बसली. मग शिफारशीवर आली आणि 'अमान्य' दाबलं. क्रम उलटा झाला असता तर गोठलेल्या परवान्याची सही कुणी धरली नसती. एवढा व्यवहार तिला येत होता.

अकराला देवस्थळी पडद्यावर आले. तूप गोठलं होतं.

"मॅडम, तारीख भरलीत?"

"रकाना रिकामा होता."

"आणि अमान्य? कारण काय लिहिलंय हे? 'निर्णय अकरा जणांचे, अकरांचा नकार.' असा पर्यायच नाही यादीत!"

"म्हणून हातानं लिहिला."

"तुम्हाला कल्पना आहे ना, ती शिफारस कुणाच्या ठशातून येते? तुमच्याच. तुम्ही स्वतःलाच अमान्य म्हणताय. चौकशीत काय सांगणार आहात?"

दारात अकरा माणसं उभी होती. काम थांबवून आली होती, हात चिकट, डोक्याला रुमाल. हेमलतानं त्यांच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर आवाज हलला असता.

"सांगेन की त्या बाईला मी चांगली ओळखते. हुशार होती, पण नुसती यादी वाचायची. उठून टेबलापर्यंत कधी गेली नाही. तिच्या तेव्हाच्या अकलेवर मी आता आणखी सही करणार नाही. आणि देवस्थळीसाहेब, माझ्या संमतीची मुदत पुढच्या महिन्यात संपतेय. तीही वाढवणार नाही. तपासणी कंपनीला कळवा, साडेतीनशे चाळण्यांना दुसरं कुणीतरी बघून ठेवा म्हणावं."

मग देवस्थळी शीतलकडे वळले. "शीतलजी, तुम्ही तरी..."

शीतलनं घसा खाकरला. समोरच्यानं नाही म्हणायच्या आत हो म्हणायची त्याची जुनी सवय ओठापर्यंत आली असावी, कारण ओठ हलले. "साहेब, सर्टिफिकेट मिळालंय तुम्हाला. करारात तेवढीच अट हाय. ह्या हंगामाचा माल तुम्हाला घ्यावाच लागतोय. पुढच्या हंगामाचं पुढच्या हंगामाला."

"आणि वडिलांचा ठसा?"

"वडील वारले, साहेब," शीतल म्हणाला. "नऊ वर्षं झाली. तुम्हाला कळवायचं राहून गेलं."

पडदा विझल्यावर दोन मिनिटांत हेमलताच्या मोबाइलवर परवाना गोठल्याचा निरोप आला. चाळीस पुरवठादार गेले. होते तेही गेले. तिनं निरोप वाचला, फोन पिशवीत टाकला आणि चाळण प्लगातून उपटली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. फाटकाशी पहिला विनाचालक ट्रक येऊन उभा होता आणि दर मिनिटाला गोड आवाजात विचारत होता, "निघू का?" माल चढवायला दोघांची बटणं हवी होती. आजची जोडी, पहिलीच, आक्काताई आणि शीतल अशी निघाली होती.

शीतलनं तीन बेदाणे तोंडात टाकले, डोळे मिटून चावले आणि म्हणाला, "पाठवा."

आक्कांनी एक चावला. "ओल हाय. उद्या बगू."

"आक्का, पाठवायचंय आजच! साहेब आधीच पेटलाय."

"पेटू दे. ओल हाय."

"मला नाही लागत ओल."

"तुमाला बेदाना चावाय कुनी शिकिवला?"

"तुम्हीच!"

"मग नीट चावा की."

"निघू का?" ट्रकनं विचारलं.

"थांब रं गप," दोघंही एकदम ओरडले, आणि शीतलनं चौथा बेदाणा उचलला.